रात्री दोनला फोन कुणाला करायचा? चाइल्ड न्यूरॉलॉजीच्या रेसिडेन्सीबद्दल थोडं

कॉलेजमधली ज्युनिअर मुलं अधूनमधून मेसेज करतात. पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, स्कोअर किती होता?" जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला (अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा) मार्कच मिळत नाहीत, नुसतं पास-नापास असतं, म्हणून आता सगळी चौकशी स्टेप टूची. दुसरा प्रश्न, कोणत्या हॉस्पिटलचं नाव मोठं. अमेरिकेत चाइल्ड न्यूरॉलॉजीत, म्हणजे मुलांच्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शाखेत, चार वर्षं काढल्यावर मला वाटतं, हे दोन्ही प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचे आहेत. पण क्रमाने सांगते.

आधी कोर्सचा आराखडा. चाइल्ड न्यूरॉलॉजी इथे पाच वर्षांची. पहिली दोन वर्षं बालरोग, पुढची तीन न्यूरॉलॉजी, आणि त्या तिनातलं एक वर्ष चक्क मोठ्या माणसांचं. आपल्याकडे एमडी पेडिॲट्रिक्सची तीन आणि नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डीएम या पुढच्या पदवीची तीन अशी सहा होतात, म्हणून इकडे एक वर्ष वाचतं असं काहीजण हिशोब मांडतात. तो फसवा आहे. तिकडे एमडी करून आलेल्यालाही इथली बालरोगाची दोन वर्षं सहसा चुकत नाहीत. माझ्या बॅचमध्ये एक एमडी झालेला आणि तीन वर्षं प्रॅक्टिस केलेला मित्र होता. तो पुन्हा इंटर्न झाला आणि रोज सकाळी साडेपाचला मुलांची वजनं लिहून घेऊ लागला. तुमचं एमडी झालेलं असेल तर या अपमानाची मनाशी आधीच तयारी ठेवा. जागा देशभर मिळून शे-दोनशेच्या घरात. बहुतेक जागांवर पाचही वर्षं एकाच मॅचमधून मिळतात (मॅच म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीयाद्या संगणकाने जुळवून जागा वाटणं). काही जागा मात्र इथे बालरोग आधीच केलेल्यांसाठी राखीव असतात. यादीत तो फरक नीट वाचा, नाहीतर अर्जाची फी पाण्यात.

मी ही शाखा का घेतली? मुलाखतीत मी बाँडचा किस्सा सांगायचे. एमबीबीएसनंतरचा एक वर्षाचा बाँड मी प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण केला. तिथे एकदा तापात आकडी आलेलं दीड वर्षाचं पोर आणलं होतं. आजीच्या हातात फोडलेला कांदा होता आणि तो हुंगवल्यानेच आकडी थांबली यावर घरच्यांचं एकमत झालेलं. (तापातली आकडी बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआपच थांबते, त्यामुळे कांद्याला यश येतंच.) बापाने विचारलं, "डोक्यावर परिणाम होईल का?" साध्या तापातल्या आकडीने तसं होत नाही, हे तेव्हा मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्याच्याकडे बघून ठामपणे सांगता आलं नाही.

किस्सा खरा आहे, पण कारण तेवढंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला या शाखेतली तपासणी आवडली. मोठ्यांचा न्यूरॉलॉजिस्ट सांगतो, नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा. दोन वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा! इथे तुम्ही खोलीच्या दारात उभं राहून बघायचं : मूल आईच्या मांडीवरून खाली कसं उतरतं, किल्ल्यांचा जुडगा कोणत्या हाताने धरतं, दुसरा हात मुठीतच राहतो का, पळताना टाच टेकते का. जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढलं, तर हातोडी बाहेर काढायच्या आधीच तुमच्या डोक्यात ड्यूशेन हा स्नायू झिजवणारा आजार येऊन गेलेला असतो. माझ्या पिशवीत हातोडीच्या आधी डोक्याचा घेर मोजायची टेप आणि साबणाचे फुगे असतात. फुग्याकडे मूल बघतं, त्यात डोळ्यांच्या हालचाली तपासून होतात. तो फोडायला धावतं, त्यात चाल आणि तोल. हे सगळं बघताना तुम्हाला मजा येत नसेल, नुसता एमआरआय वाचण्यात येत असेल, तर ही शाखा घेऊ नका. न्यूरोरेडिओलॉजी घ्या, सुखात राहाल.

आता प्रोग्रॅम कसा निवडायचा. मुलाखती बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतात, म्हणजे इमारत, शहर, कँटीन यातलं काहीच दिसत नाही. दिसतात ती माणसं, तीही कॅमेऱ्यासाठी सजलेली. मी प्रत्येक ठिकाणी रेसिडेंटना एकटं गाठून एकच प्रश्न विचारायचे : रात्री दोनला अटेंडिंगला, म्हणजे जबाबदार वरिष्ठ डॉक्टरला, फोन केला तर पलीकडून काय ऐकू येतं? उत्तराआधी ती मुलं एकमेकांकडे कशी बघतात, त्यावरून मी माझी पसंतीची यादी लावली.

पण हा प्रश्न मला सुचला कुठून, तर चुकीतून. अर्ज करण्याआधी मी एका हॉस्पिटलमध्ये वर्षभर काम केलं होतं. शुक्रवारी रात्री एक आई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. तिने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. बाळ झोपेतून उठलं की मान खाली, दोन्ही हात वर, एक क्षणभर. पुन्हा तेच, पुन्हा तेच. घरचे म्हणत होते, दचकतंय. कोणी सांगितलं होतं, गॅस धरलाय. माझ्या मनात शंका आली होती. पण वरिष्ठांना रात्री उठवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत होतं. मी तिला सोमवारी ओपीडीत यायला सांगितलं. शनिवारी सकाळी दुसऱ्या एका मॅडमनी रजिस्टर वाचलं, स्वतः फोन करून त्या कुटुंबाला परत बोलावलं आणि दुपारपर्यंत ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) झाला. पडद्यावर हिप्सअरिद्मिया : उंचच उंच, अस्ताव्यस्त, कशाचा कशाला मेळ नसलेल्या लाटा. इन्फंटाइल स्पॅझम्स, तान्ह्या बाळांतला आकडीचा एक गंभीर आजार. यात एकेक दिवस मोलाचा असतो. उपचाराला उशीर झाला की मुलाची पुढची वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो. मॅडम रागावल्या नाहीत. "फोन का नाही केलास?" एवढंच विचारलं. माझ्याकडे जे उत्तर होतं ते देण्यासारखं नव्हतं.

या आजाराचं पहिलं वर्णन केलं वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने, १८४१ मध्ये, लॅन्सेटला पाठवलेल्या पत्रात. ते बाळ त्याचं स्वतःचं होतं. मूल वाकून सलाम करतंय असं दिसतं म्हणून त्या झटक्यांना तेव्हा 'सलाम'च म्हणत. हे पत्र मी दर वर्षी नव्या इंटर्नना वाचायला देते. त्यात ना निदान आहे ना लागू पडलेला इलाज, आहे ते बापाचं बारीक निरीक्षण. आजही पालकांच्या मोबाइलमध्ये तेच सापडतं, म्हणून आधी व्हिडिओ बघा.

रँक लिस्टबद्दल, म्हणजे त्या पसंतीच्या यादीबद्दल, थोडक्यात. तुम्हाला जे खरंच हवं ते वर लिहा. "तिथे मिळणार नाही, म्हणून खाली टाकतो" हे गणित इथे चालत नाही, कारण मॅचची आज्ञावली उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. ती नव्याने रचणाऱ्या ॲल्विन रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्यापेक्षा आपण हुशार नाही असं समजून गप्प बसावं. मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त मॅच झाली की नाही एवढं कळतं. कुठे, ते शुक्रवारी. मधल्या चार दिवसांत घरातल्या कोणालाही फोन उचलू देऊ नका.

बालरोगाच्या दोन वर्षांबद्दल फार सांगत नाही. ब्राँकिओलायटिस, कावीळ, पुन्हा ब्राँकिओलायटिस. सगळ्यांना धक्का बसतो तो तिसऱ्या वर्षाचा. दोन वर्षं मुलांत काढलेली असतात, आणि १ जुलैला अचानक समोर ८४ वर्षांचे आजोबा, अर्धं शरीर लुळं, आणि घड्याळ चालू. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं आणि शेवटचं धडधाकट कधी दिसले होते हे नक्की कोणालाच माहीत नाही. पहिल्या रात्री मी सवयीने "वजन किती?" विचारलं तर नर्स हसली. मग तिच्याच लक्षात आलं की त्या औषधाचा, अल्टेप्लेजचा, डोस वजनावरच ठरतो, किलोला ०.९ मिलिग्रॅम. त्या रात्री मला सुचलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट. या वर्षात मोठ्यांचे रेसिडेंट तुम्हाला पाहुणा समजतात आणि मुलांच्या विभागाला तुमचा विसर पडतो. म्हणून मुलाखतीत हे जरूर विचारा : त्या वर्षात आठवड्यातून एकदा तरी आपल्या ओपीडीत बसायला मिळतं का? हे वर्ष सलग असतं की तुकड्यांत? सलग असेल तर एकदाचं संपतं, पण फार एकटं वाटतं. मला तुकड्यांत मिळालं आणि ते बरं झालं असं माझं मत. माझी मैत्रीण याच्या बरोबर उलट सांगेल.

कामाचे तास कागदावर आठवड्याला ८०, चार आठवड्यांची सरासरी धरून, आणि सरासरीने सातातला एक दिवस सुट्टी. पण न्यूरॉलॉजीत वरच्या वर्षांत पुष्कळ कॉल घरून असतात. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात फोडणीत मोहरी तडतडत असते आणि इमर्जन्सीतून विचारतात, लोराझेपामचे दोन डोस झाले, मुलाचे झटके अजून थांबत नाहीत, पुढे काय? पुढे लेवेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत तिन्ही सारखीच ठरली आणि प्रत्येकाने साधारण निम्म्याच रुग्णांत झटके थांबवले. म्हणजे उरलेल्या निम्म्यांसाठी तुम्ही गॅस बंद करून गाडी काढता. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर घर घ्या, भाडं जास्त पडलं तरी.

सगळ्यात अवघड काय, असं विचाराल तर उत्तर कॉल नाही. अवघड असते ती छोटी खोली आणि तिथल्या टेबलावरचा टिश्यूचा डबा. जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येतो, त्यात एक बदल सापडलेला असतो, आणि तो आजाराचा आहे की निरुपद्रवी हे आज जगात कोणालाच ठरवता येत नाही. हे आईबापांना सांगायचं. आधी मी वीस मिनिटं बोलायचे. आता दोन वाक्यं बोलते आणि थांबते. ती शांतता सोसायला मला दोन वर्षं लागली. दुसऱ्या बाजूला असंही घडतं : एसएमए या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजाराचं बाळ म्हणजे श्वास थांबेपर्यंतची सोबत, असं माझे वरिष्ठ शिकले होते. डिसेंबर २०१६ मध्ये पहिलं औषध आलं, मे २०१९ मध्ये जनुकोपचार, तोच आपल्या वर्तमानपत्रांत '१६ कोटींचं इंजेक्शन' म्हणून गाजला. मागच्या महिन्यात तसं एक मूल माझ्या ओपीडीत चालत आलं आणि त्याने माझी हातोडी पळवली.

व्हिसाचं मात्र आधीच बघून ठेवा. बहुतेकांना जे-वन, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा व्हिसा, मिळतो. त्याची मर्यादा साधारण सात वर्षांची. त्यात पाच वर्षं ही आणि एपिलेप्सीसारखी एखादी फेलोशिप बसते. नंतर दोन वर्षं मायदेशी, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून त्यातून सूट. एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा असेल तर स्टेप थ्री आधी द्यावी लागते, आणि सगळे प्रोग्रॅम तो देत नाहीत. अर्ज करण्याआधी ईमेलने विचारून घ्या. जे-वनसाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून एक पत्र लागतं. त्यात शाखेचं नाव बरोबर आलंय का ते अक्षर अक्षर तपासा. मॅचचे पेढे वाटून झाले की त्याच दिवशी त्या पत्राच्या मागे लागा.