विंचचा दोर पिंजणारे रोलर

पावसाळ्यात मुळशीकडच्या चिखलातून मित्राची जीप ओढत होतो, तेव्हा माझ्या विंचचा (गाडीवर बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर एका बाजूने कापसासारखा पिंजलेला दिसला. दोष दोराचा नव्हता. आधीची लोखंडी केबल काढून मी सिंथेटिक दोर बसवला होता, पण तोंडाशी असलेले चार रोलर तसेच ठेवले. केबलने त्यांच्यावर बारीक चरे पाडले होते. नुसतं बोट फिरवलं तरी टोचत होते. त्यात तिरकं ओढताना दोर सरकून आडव्या आणि उभ्या रोलरमधल्या फटीत शिरायचा.

पहिला उपाय स्वस्तातला. रोलरऐवजी लावायला वर्कशॉपमध्ये 10 मिमी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्टीत दोर जाण्यापुरतं लांबट भोक पाडून घेतलं, कडा ग्राइंडरने गोल केल्या, रंग मारला. दोन ओढींतच रंग उडाला, मग गंज आला, आणि दोरासाठी गंज म्हणजे कानसच. शिवाय एवढ्याशा जाडीला गोलाई येऊन येऊन किती येणार?

शेवटी तयार अ‍ॅल्युमिनियमचा हॉज फेअरलीड घेतला, म्हणजे रोलर नसलेलं, गोल ओठांचं दोराचं तोंड. मोठ्या विंचला दोन बोल्टमधलं अंतर सहसा 10 इंच, म्हणजे 254 मिमी असतं. तरी आपलं मोजूनच घ्या, एटीव्हीच्या (छोट्या चारचाकी ऑफ-रोड बाइकच्या) विंचला ते कमी असतं. ओठांची गोलाई जितकी मोठी तितकं बरं. लोखंडी केबल असेल तर मात्र रोलरच ठेवा, ती अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकते.

दोराचा पिंजलेला दीड मीटर कापला आणि टोकाचा फासा नव्याने गुंफला. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.