ज्योतिष शिकण्याआधी : ग्रह घडवतात की दाखवतात?

आमचा छोटा अभ्यासगट दादरला संध्याकाळी बसतो. बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून लोक येतात. बहुतेकांनी आधी कुठला तरी क्लास केलेला असतो. ग्रहांची कारकत्वं, म्हणजे कुठला ग्रह कशाचा सूचक, तोंडपाठ असतात, विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याचे ग्रहांना वाटून दिलेले कालखंड, काढता येतात. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी कुंडली मांडायला देत नाही, एवढंच विचारते : ग्रह आपलं आयुष्य घडवतात, की नुसतं दाखवतात? बरेचजण गप्प होतात, कारण हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो. मी स्वतः आधी ज्योतिष शिकले आणि नंतर कलिन्याला मुंबई विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. आता कोणी विचारलं तर सांगते की दोन्ही एकदमच सुरू करा.

या प्रश्नाला आपल्या परंपरेचं उत्तर फार स्पष्ट आहे आणि ते मुळातून वाचायला हवं. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर 'लघुजातक' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतो की, आधीच्या जन्मी साठवलेल्या शुभाशुभ कर्माचा परिपाक हे शास्त्र व्यक्त करतं, 'तमसि द्रव्याणि दीप इव', अंधारातल्या वस्तू दिव्याने दिसाव्यात तसा. दिवा वस्तू निर्माण करत नाही. म्हणजे शनी कोणाला त्रास देत नाही. त्रास ज्याचा त्याच्या कर्माचा आहे, शनी त्याची खूण आहे. आता दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून लिहिणारा ग्रीक खगोलज्ञ टॉलेमी बघा. त्याची भूमिका वेगळी : आकाशातून खाली एक शक्ती पसरते, सूर्य तापवतो आणि सुकवतो, चंद्र ओलावा देतो, आणि त्यातून हवामान, शरीर, स्वभाव घडतात. त्याच्यामागे ॲरिस्टॉटलचं निसर्गविज्ञान उभं आहे. तिसऱ्या शतकात तत्त्वज्ञ प्लॉटिनसने नेमका यालाच विरोध केला. तारे सूचना देतात, पण म्हणून ते सगळ्याचं कारण ठरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ग्रीक विद्या इकडे आली, होराशास्त्रात, म्हणजे इथल्या पत्रिकेच्या ज्योतिषात, मिसळली, आणि वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त यवनांना, म्हणजे ग्रीकांना, या शास्त्रासाठी ऋषींसारखा मान दिला. पण तिच्या खालचा पाया इथे कर्मसिद्धान्ताचा झाला. मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते : तीच गणितं, तीच बारा घरं, आणि खाली पूर्ण वेगळं विश्व.

कर्माचा पाया मानला की पुढचा प्रश्न टळत नाही. सगळं आधीच ठरलं असेल तर कुंडली बघून करायचं काय? इथे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन भेद नीट समजून घ्या, घाई करू नका. साठलेलं सगळं कर्म म्हणजे संचित. त्यातला जो भाग या देहात फळ द्यायला लागला ते प्रारब्ध. आज आपण करतो ते क्रियमाण. पत्रिका बोलली तर प्रारब्धाबद्दल बोलेल, क्रियमाण तिच्या हातात नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलंय की रथ एका चाकावर चालत नाही, तसं पुरुषकाराशिवाय, म्हणजे माणसाच्या प्रयत्नाशिवाय, दैव सिद्धीला जात नाही. हे पक्कं कळलं की समोर बसलेल्या मुलीला 'तुझं लग्न होणार नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून निघूच शकत नाही. मंगळाच्या नावाने मोडलेली स्थळं मी पाहिली आहेत. त्या घरांमध्ये कोणीतरी दिव्याला कारण समजून बोललेलं असतं, आणि त्याचा जाब त्या मुलीला द्यावा लागतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता काळ. मुंबईच्या माणसाला हा विषय पुस्तकाबाहेरही भेटतो. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून आली, पण मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू राहिला. ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. त्यात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं आणखी एक तास पुढे केलेली. गिरगाव-लालबागकडच्या घरांतून आजोबा-आजींच्या जुन्या पत्रिका येतात तेव्हा वर नुसतं 'सकाळी ७ वाजून २० मिनिटे' लिहिलेलं असतं. कुठल्या घड्याळाची? ३९ मिनिटांत लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, साधारण १० अंश सरकतं, म्हणजे तीन नवमांश (राशीचा नववा भाग तो नवमांश). जन्म शुक्राच्या महादशेतला असेल तर दशेचा शेष, म्हणजे जन्मानंतर उरलेला तिचा काळ, सहा महिन्यांहून थोडा जास्त बदलतो. नव्यांना मी अशी एक पत्रिका दोन्ही वेळांनी मांडायला देते, कारण हा नुसता नोंदीचा घोळ नाही. ज्या क्षणावर सगळं उभं, तो क्षण कोणता? डोकं बाहेर आलं तो, नाळ कापली तो, की पहिलं रडणं? वराहमिहिराच्याच 'बृहज्जातका'त गर्भाधानावर, निषेकावर, स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे प्राचीनांनाही सुरुवात एकाच ठिकाणी दिसत नव्हती. आणि सिझेरियनसाठी मुहूर्त काढून आणलेल्या बाळाचं प्रारब्ध कोणी निवडलं? आईबापांनी, डॉक्टरांनी, की तो निर्णयही त्या बाळाच्या प्रारब्धाचाच भाग? यावर आमच्या गटात आवाज चढतात आणि ते चांगलंच आहे. 'सूर्यसिद्धान्त' हा जुना खगोलग्रंथ काळ दोन प्रकारचा सांगतो : लोकांचा अंत करणारा एक, आणि मोजता येणारा दुसरा. आपल्या हाती फक्त दुसरा असतो.

अयनांशाचा वाद थोडक्यात. राशी ताऱ्यांवरून मोजायच्या की मार्चमधल्या वसंतसंपात बिंदूपासून, या दोन आरंभांतलं अंतर म्हणजे अयनांश. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा अयनांश धरला. टिळक पंचांगाचा अयनांश त्याहून सुमारे ४ अंशांनी वेगळा, म्हणून कधी अधिक मास वेगळा पडतो आणि कोकणातल्या काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशी धरतात. मग 'मेष रास' ही आकाशातली वस्तू आहे की आपण आखलेली रेघ? याचं उत्तर स्वतःशी लिहून ठेवा.

विरोधकांना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नक्खत्तजातक या पालीतल्या बौद्ध कथेत थेट विचारलंय, 'किं करिस्सन्ति तारका', तारे काय करणार? आणि आपल्या महाराष्ट्रातच डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली, ती २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना दिल्या. प्रत्येकाला ४० पत्रिका, उत्तरं पाठवली २७ जणांनी, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही जवळपास तेवढीच निघतात. क्लासमधून यावर ठरलेलं उत्तर मिळतं : ग्रह कारण नाहीत, नुसती खूण आहेत, त्यामुळे विज्ञानाची चाचणी इथे लागू होत नाही. हे मला मान्य नाही. खूण असेल तर तिने दाखवलंच पाहिजे. वराहमिहिराने दिव्याचं नाव घेऊन स्वतःवर तेवढी जबाबदारी घेतलेली आहे. म्हणून मी भाकितं सांगत नाही. कर्म, काळ आणि स्वातंत्र्य यांचा इतका बारीक विचार आपल्याकडे या शास्त्राच्या निमित्ताने झाला, तो शिकते आणि शिकवते. व्यवसाय करायचा असेल त्यांनी हा निकाल झाकून ठेवू नये, समोरच्याला सांगून मग बसावं.

वाचायला सुरुवात शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून करा. १८९६ सालचा त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत आहे. ही आपली श्रीमंती आहे आणि ती वापरली जात नाही. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात नक्षत्रं आहेत, पाच वर्षांचं युग आहे, पण मेषादी राशी नाहीत आणि जन्मवेळेवरून सांगितलेलं भविष्यही नाही. यज्ञाची वेळ ठरवण्यासाठी ते शास्त्र होतं, हे त्यातून उलगडतं. नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातली एशियाटिक सोसायटी, दोन्हीकडे सवड काढून जा. संस्कृत थोडं तरी शिका, निदान श्लोकाचा अन्वय लावता येईल एवढं. आणि वरळीच्या नेहरू तारांगणात जाऊन आयनिकवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) आणि आकाशातलं विषुववृत्त कुठे छेदतात ते घुमटावर बघून या. वसंतसंपात एकदा असा पाहिला की अयनांशावरची पानं भराभर समजतात. पुढच्या खेपेला येताना घरातली एखादी जुनी पत्रिका घेऊन या, १९५५ च्या आधीची मिळाली तर उत्तम.