सणाच्या जेवणातलं उरलंसुरलं कुत्र्याच्या पोटात: या चुका टाळा

जेवणं उरकतात, भांडी ओट्यावर तशीच पडतात आणि माणसं सुस्तावतात. कुत्र्याची शिकार तेव्हा सुरू होते. घरातले सगळे 'मी काहीच दिलं नाही' म्हणत असतात आणि ते खरंही असतं. देणारा असतो कचऱ्याचा डबा, नाहीतर पाहुण्याची जमिनीवर ठेवलेली उघडी पिशवी.

'बरा दिसतोय' म्हणून वाट पाहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्रत्येक विषाचं घड्याळ वेगळं असतं. झायलिटॉलचा, म्हणजे शुगर-फ्री च्युइंगममधल्या गोडव्याचा, परिणाम अर्ध्या-एक तासात दिसू शकतो. चॉकलेटला बहुधा ६ ते १२ तास लागतात. मनुका खाल्लेला कुत्रा त्याच दिवशी उलटी करतो आणि मग सावरल्यासारखा वाटतो, पण त्याची मूत्रपिंडं पुढच्या १ ते ३ दिवसांत बंद पडू शकतात. कांद्यानं झालेला अशक्तपणा तर अनेकदा ३ ते ५ दिवसांनी लक्षात येतो, तेव्हा सणाच्या जेवणाशी त्याचा संबंध कुणाला आठवतही नाही.

गोम अशी की उलटी करवून पोट रिकामं करण्याचा फायदा मुख्यतः पहिल्या एक-दोन तासांतच होतो, म्हणजे नेमका कुत्रा शेपूट हलवत फिरत असतो तेव्हा. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा तो काय खाल्लं हे कळल्यावर. लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही.

चॉकलेट नुसतं वजनावर मोजणं

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. शरीराच्या दर किलोमागे साधारण २० मि.ग्रॅ. गेलं की उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते, ४०–५० मि.ग्रॅ.ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आता १० किलोचा कुत्रा आणि ५० ग्रॅम चॉकलेट धरा. मिल्क चॉकलेट असेल (ग्रॅमला साधारण २ मि.ग्रॅ.) तर किलोमागे १० मि.ग्रॅ. होतात, बहुधा फार तर पोट बिघडण्यावर निभावतं. डार्क असेल (साधारण ५ मि.ग्रॅ., जास्त कडू असेल तर आणखी) तर २५. बेकिंगचं बिनसाखरेचं असेल (साधारण १५ मि.ग्रॅ.) तर ७५, म्हणजे थेट झटक्यांच्या टप्प्यात. कोको पावडर याहूनही तीव्र. त्यामुळे वेष्टन फेकू नका, डॉक्टरांना तेच वाचून दाखवायचं आहे.

'दोनचार मनुकांनी काय होतंय'

काहींना काहीच होत नाही, काहींची मूत्रपिंडं निकामी होतात. कोणता कुत्रा कुठल्या गटात हे आधी कळत नाही, म्हणून सुरक्षित आकडा असा नाहीच. द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि ते घातलेले केक, पुलाव सगळं यात आलं. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि त्यामुळेच चिंचही दूर ठेवावी.

कांदा वेचून काढला की रस्सा चालतो, असं मानणं

कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा वाळवून ती नाहीशी होत नाहीत आणि रश्श्यातही उतरतात. किलोमागे १५ ग्रॅम कांदा धोक्याला पुरतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम, जेमतेम एक-दोन कांदे. पावडरीत पाणी नसल्यानं फार कमी मात्रा पुरते, आणि लसूण तर वजनास वजन कांद्यापेक्षा तीव्र. फिकट हिरड्या, धाप, चहासारखी गडद लघवी दिसली तर गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते आठवा.

शुगर-फ्री म्हणजे निरुपद्रवी?

उलट. झायलिटॉलमुळे कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं, ०.५ ग्रॅमच्या आसपास यकृतालाही धोका. काही च्युइंगमच्या एकेका गोळीत ०.३ ते १ ग्रॅम असतं, मग १० किलोच्या कुत्र्याला किती गोळ्या लागतील बघा. लेबलवर ते 'बर्च शुगर' किंवा 'ई ९६७' या नावानंही लपलेलं असतं. पाहुण्यांच्या पिशव्या खुंटीवर टांगायला सांगा, त्यात संकोच कसला.

शिजलेलं हाड 'मऊ झालंय' म्हणून देणं

शिजवल्यावर हाड ठिसूळ होतं आणि चावलं की त्याच्या टोकदार कपच्या निघतात. घसा, अन्ननलिका, आतडी, कुठेही त्या रुतू शकतात. गिळलंच असेल तर उलटी करवू नका, कारण तीच कपची परत वर येताना फाडते. ब्रेड किंवा कापूस खायला घालून ती 'गुंडाळण्याचा' उद्योगही नको. कापूस स्वतःच आतड्यात अडकतो. डॉक्टरांना कळवा. वारंवार उलटी, कुंथणं, रक्ताची किंवा डांबरासारखी काळी शी, ताठ पोट यांपैकी काही दिसलं तर लगेच न्या.

चरबी आणि कातडी 'त्याचा वाटा' म्हणून घालणं

अचानक पोटात गेलेली भरपूर चरबी स्वादुपिंडाला सूज आणू शकते. एक ते तीन दिवसांत उलट्या सुरू होतात, कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही, पाठीला बाक येतो किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवून तो उभा राहतो. ही पोटदुखी आहे, आळस देणं नव्हे. तळणीचं तेल प्यायलेला कुत्राही यातच मोडतो.

डब्यात जातं ते विसरणं

मक्याचं कणीस (दाणे नव्हे, मधला दांडा) आतड्यात अडकतं, कधी काही दिवसांनी, आणि साध्या एक्स-रेत नीट दिसतही नाही. मांस बांधलेली दोरी आतड्याला चुण्या पाडून कापत जाते. ती मागून बाहेर लोंबताना दिसली तर ओढू नका. यीस्टचं कच्चं पीठ पोटात फुगतं आणि वर अल्कोहोल तयार करतं. बुरशी आलेल्या अन्नानं थरथर आणि झटके येतात. डब्याला खटक्याचं झाकण हवं, आणि कचरा त्याच रात्री घराबाहेर जायला हवा.

मीठ पाजून उलटी करवणं

हे कुठेही वाचलं असलं तरी करू नका. मिठानं रक्तातलं सोडियम वाढतं आणि नवं विष तयार होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय नाही. चपट्या नाकाचा, गुंगीत असलेला किंवा झटके येत असलेला कुत्रा उलटी श्वासनलिकेत ओढून घेऊ शकतो. दूध, तूप यांनीही विष उतरत नाही.

फोनवर सांगायचं ते एवढं: कुत्र्याचं वजन, पदार्थ, अंदाजे किती, किती वाजता आणि आत्ताची लक्षणं. पोट फुगलंय आणि ओकाऱ्या येऊनही काही पडत नाही, असं असेल तर फोनवर बोलत बसू नका; गाडीत घाला, वाटेत कुणीतरी कळवेल.

काहीतरी द्यायचंच असेल तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, हाड-कातडी काढलेलं उकडलेलं चिकन द्या. खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या भागात बसवायचा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ३०–३५ ग्रॅम, काड्यापेटीएवढे दोन तुकडे. आणि ते एकाच माणसानं द्यायचे, नाहीतर घरातले सहाही जण आपापले दोन घालतात.