अंगकोर वाट बघायला जाताय? या चुका टाळा

कंबोडियातल्या सिएम रीपला पोहोचलेले बरेच जण पहिल्याच पहाटे चुकतात. चारला उठून टुकटुकने थेट मंदिर गाठतात आणि तपासणीपाशी कळतं की तिकीट इथे मिळत नाही. ते शहरातल्या अधिकृत तिकीट कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावरच मिळतं. उलट फिरून येईपर्यंत उजाडलेलं असतं. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पाचनंतर कार्यालयात जावं. तेव्हा दुसऱ्या दिवसाचं तिकीट देतात आणि त्याच तिकिटावर त्या संध्याकाळचा सूर्यास्तही बघता येतो. तिकिटावर तुमचा फोटो असतो, त्यामुळे कुणाचं उरलेलं तिकीट स्वस्तात घेण्याच्या भानगडीत पडू नका. 12 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा.

एक दिवसाचं तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, सात दिवसांचं 72. एका दिवसात उरकू म्हणणाऱ्यांचं दुपारनंतर एका देवळावरून दुसऱ्या देवळाकडे नुसतं पळणं होतं. इथली देवळं बघायच्या दोन ठरलेल्या फेऱ्या आहेत: छोटी साधारण 17 किलोमीटरची, मोठी 26. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस वापरता येतो; मधे एक दिवस पायांना विश्रांती द्या.

आता सूर्योदय. अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य मंदिराच्या मागून उगवतो. सकाळी शिखरांच्या काळ्या आकृतीच दिसतात. ते दृश्य सुंदरच, पण दगडावरचं काम दिसत नाही. दर्शनी भाग उजेडात हवा असेल तर दुपारी तीननंतर या. पहाटे यायचंच असेल तर आत शिरल्यावर डावीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या तळ्याशी जागा धरा. प्रतिबिंब तिथे मिळतं. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर मधल्या शिखरावर येतो, आणि गर्दीही तशीच असते. उजाडलं की मंडळी नाश्त्याला पांगतात. तुम्ही पांगू नका, ओवऱ्यांत शिरा.

इथेच आपल्याकडच्या लोकांची खास चूक होते. सवयीने पावलं प्रदक्षिणेला डावीकडे वळतात. पण या ओवऱ्यांमधले शिल्पपट अपसव्य क्रमाने बघायचे आहेत. पश्चिम दारातून उजवीकडे वळा, भिंत डाव्या हाताला ठेवा. आधी कुरुक्षेत्र लागतं, मग दक्षिणेला मंदिर बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याची मिरवणूक, पुढे स्वर्ग-नरक, आणि पूर्वेला वळल्यावर सागरमंथन. हा पट जवळजवळ 49 मीटर लांब आहे. मधे विष्णू, खाली कूर्म, दोन्ही बाजूंना वासुकी ओढणारे देव-दानव. निदान वीस मिनिटं द्या. उत्तरेचे काही पट बरेच नंतर, सोळाव्या शतकात कोरले आहेत, काम ढोबळ आहे. तिथे रेंगाळलं नाही तरी चालेल. शेवटी पश्चिमेला परतल्यावर लंकेचं युद्ध. दगडाला हात लावायचा नाही, घामाने तो काळवंडतो.

सर्वात वरच्या मजल्यावर, म्हणजे बाकानवर, खांदे किंवा गुडघे उघडे असतील तर सोडत नाहीत. स्लीव्हलेसवर नुसती ओढणी घेतलेली चालत नाही. बाह्यांचा टीशर्टच घाला. उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या पवित्र दिवशी हा मजला बंद असतो. हे दिवस दोन्ही पक्षांतल्या अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास येतात, तेव्हा निघण्यापूर्वी घरचं कॅलेंडर बघा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून हॉटेलात विचारूनही घ्या.

सूर्यास्तासाठी फ्नोम बाखेंगच्या टेकडीवरच्या मंदिरावर एका वेळी 300 जणांनाच चढू देतात. पाचला पोहोचलात तर खाली रांगेत उभे असतानाच सूर्य मावळतो; चारच्या आधी वर असा.

बांतेय स्रेई लांब म्हणून गाळू नका. 967 सालचं हे छोटं गुलाबी दगडाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळीच जा. कैलास हलवणारा रावण इथे आहे. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला पाहिला असेल तर दोन्हींची मनात तुलना होतेच.

बाजारात डॉलर चालतात, पण कडेला जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही. भारतातून निघतानाच एक, पाच आणि दहाच्या कोऱ्या नोटा मागून घ्या.