कॉमिक ग्रेडिंगला पाठवण्याआधी या चुका टाळा

जपून ठेवलेलं जुनं कॉमिक हाती लागलं की बहुतेक जण थेट विचारतात, "याला किती ग्रेड मिळेल?" त्याआधीचा प्रश्न मात्र राहूनच जातो: ग्रेडिंग करून घ्यायची गरज आहे का?

अमेरिकेतली सीजीसी ही कंपनी 2000 साली सुरू झाली. 0.5 ते 10.0 या मापावर अंकाची अवस्था ठरवायची आणि तो कडक प्लॅस्टिकच्या पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, सीलबंद करून परत पाठवायचा, हे तिचं काम. सीबीसीएससारख्या इतर कंपन्याही हेच करतात. माझ्या मते बहुतेक संग्रहांतल्या बहुतेक अंकांना या खर्चाची गरज नसते. ज्यांना असते, तिथेही पैसे वाया जातात ते ठरलेल्या चार-पाच चुकांमुळे.

9.8 धरून हिशेब मांडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ऑनलाइन कुणीतरी 9.8 च्या स्लॅबला लावलेला भाव दिसतो आणि आपली प्रतही तेवढ्याला जाईल असं वाटू लागतं. एक तर तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. विकल्या गेलेल्या प्रतींचेच भाव बघा. शिवाय आपली प्रत 9.8 ची असेलच असं नाही. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खालचा ग्रेड धरा आणि त्या ग्रेडच्या स्लॅबचा भाव लिहून काढा. त्यातून ग्रेडिंगची फी, जाण्या-येण्याचा टपालखर्च, विमा, प्रेसिंग, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन अंक सपाट करणं, करणार असाल तर त्याचे पैसे आणि विकताना जाणारं कमिशन वजा करा. फी सगळ्या अंकांना सारखी नसते, अंकाचं वय आणि बाजारभाव बघून ती ठरते. उरलेली रक्कम रॉ, म्हणजे स्लॅब नसलेल्या, प्रतीच्या भावापेक्षा ठळकपणे जास्त नसेल, तर अंक प्लॅस्टिकच्या बॅगेतच राहू द्या.

सिनेमाच्या घोषणेमुळे चढलेल्या भावावर तर हा हिशेब मांडूच नका. स्लॅब हातात येईपर्यंत भाव उतरलेला असू शकतो.

अंक समोरून बघून ग्रेड ठरवणं

सरळ उजेडात मुखपृष्ठ जवळपास नेहमीच छान दिसतं. अंक बॅगेतून काढताना आधी बॅगेच्या झाकणाची टेप पूर्ण काढून टाका. ती टेप मुखपृष्ठाला चिकटली, तर चांगल्या प्रतीचा ग्रेड तिथल्या तिथे घसरतो. मग स्वच्छ, कोरड्या हातांनी अंक सपाट टेबलावर ठेवा आणि दिवा एका बाजूने, टेबलाच्या अगदी जवळ, तिरपा धरा. स्पाइनवर, म्हणजे अंकाच्या घडीच्या बाजूला, स्टेपलच्या आसपास बारीक आडव्या रेघा दिसतील. काही ठिकाणी कागद नुसता दबलेला असेल, काही ठिकाणी शाई तुटून पांढरी रेघ उमटलेली असेल. फरक मोठा आहे: नुसता दाब प्रेसिंगने बऱ्याचदा जातो, तुटलेला रंग कशानेही परत येत नाही. स्पाइनवर अशा पांढऱ्या रेघा चार-पाच असतील, तर 9.8 विसरा.

त्यानंतर कोपरे, गंजलेले स्टेपल आणि मधलं पान दोन्ही स्टेपलांना धरून आहे का, हे बघा. पानंही मोजा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक जण गाळतात. 1974 चा 'इन्क्रेडिबल हल्क' क्रमांक 181, ज्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण रूपात येतो, त्याच्या आत 'मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प' छापलेला होता. तो कापून गोळा करायचा असायचा आणि मुलांनी तो इमानेइतबारे कापलाही. बाहेरून देखणी दिसणारी प्रत आतून तेवढ्या चौकोनापुरती अपुरी असू शकते आणि मग किंमत कोसळते.

जुनं म्हणजे दुर्मीळ असं धरणं

1991 च्या 'एक्स-मेन' क्रमांक 1 च्या 80 लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुढे मोल येईल म्हणून लोकांनी त्या पहिल्या दिवसापासून जपल्या, त्यामुळे उत्तम अवस्थेतल्या प्रती आजही ढिगाने आहेत. सीजीसीच्या 'सेन्सस' यादीत कुठल्याही अंकाच्या किती प्रतींना कोणता ग्रेड मिळाला ते दिसतं. पाठवण्याआधी ती यादी उघडाच.

पुनर्मुद्रणाचीही खातरी करा. 'अॅक्शन कॉमिक्स' क्रमांक 1 ची 1938 ची मूळ प्रत सापडली म्हणून हरखलेल्यांच्या हातात पुष्कळदा 1974 ची मोठ्या आकाराची पुनर्मुद्रित आवृत्ती असते, तिचं बाहेरचं वेष्टण तेवढं निघालेलं असतं. आकार मोजला तरी उलगडा होतो. इतर अंकांत आतला प्रकाशनाचा बारीक मजकूर वाचा.

घरी 'सुधारणा' करणं

घरच्या इस्त्रीने प्रेसिंग करू नका. उडालेला रंग स्केचपेनने भरू नका, कडा कापून सरळ करू नका. रंग भरणं आणि कड कापणं हे रिस्टोरेशन, म्हणजे मूळ अंकात केलेली दुरुस्ती, धरलं जातं. सीजीसीकडून नेहमीच्या निळ्याऐवजी जांभळं लेबल मिळतं आणि खरेदीदार सहसा त्याकडे पाठ फिरवतात. विरलेली कड जशी आहे तशी सोडलेली बरी.

सहीचंही तसंच. सहीसाठीचं सीजीसीचं पिवळं लेबल हवं असेल, तर सही होताना त्यांचा साक्षीदार हजर लागतो. आधीच घेतलेली सही, ती खरी असली तरी, मुखपृष्ठावरचं लिखाण ठरून अंक हिरव्या, म्हणजे दोष नोंदवणाऱ्या, लेबलवर जाऊ शकतो. अशा अंकासाठी सही पडताळून देणारी सेवा शोधा, सीबीसीएस ती देते.

ग्रेड कमी आला तर

रागाच्या भरात स्लॅब फोडून अंक पुन्हा पाठवू नका. स्लॅब फोडला की ग्रेड गेला, आणि दुसऱ्यांदा फी भरूनही बहुधा तेच ऐकायला मिळतं. आधी ग्रेडरच्या नोंदी मिळतात का बघा. त्यात प्रेसिंगने जाणारा दोष असेल तरच पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे. स्लॅबच्या आत इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली तर घाबरू नका. ती प्लॅस्टिकचे थर एकमेकांना टेकल्यामुळे दिसतात, अंक खराब झालेला नसतो. पेटीला तडा असेल, तर नव्या पेटीत घालून देण्याची वेगळी सेवा असते. स्लॅब विकत घेत असाल, तर लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तपशील जुळतो का ते तपासा, पेटीच्या कडांवर उघडल्याच्या खुणा नाहीत ना तेही बघा.

स्लॅबमुळे ऊन आणि दमट हवा यांपासून सुटका होत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेलं मुखपृष्ठ पेटीतही फिकं पडतं. स्लॅब उभे, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. आणि तो अंक पुन्हा चाळावासा वाटण्याची जरा जरी शक्यता असेल, तर त्याचीच कमी ग्रेडची एक स्वस्त रॉ प्रत घेऊन ठेवा, नाहीतर ग्रेडिंगचा विचारच सोडून द्या.