शाळेतलं हात धुणं : या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये स्वच्छतेच्या कामासाठी मी बरीच वर्षं फिरते आहे. तालुका बदलतो, शाळा बदलते, चुका मात्र त्याच. आणि खापर फुटतं ते मुलांच्या डोक्यावर. "कितीही सांगा, ऐकतच नाहीत," असं शिक्षक सांगतात. हे मला पटत नाही. पहिलीतलं पोरसुद्धा हात का धुवायचे ते घडाघडा सांगतं. जागा, पाणी, साबण आणि वेळ, यातलं एक तरी कुठेतरी अडलेलं असतं, आणि ते मोकळं करणं मोठ्यांच्या हातात आहे.

साबण कपाटात ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, २००८ पासून. एका शाळेत त्या दिवशी मी हजर होते. बॅनर लागलेला, पाहुणे आलेले, मुलं रांगेत उभी. तळवे, पंजाची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, सगळं एका तालात करून दाखवलं त्यांनी. चुकलं कुणीच नाही. फोटो झाले, खाऊ वाटला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच शाळेत पोषण आहाराच्या वेळी न कळवता गेले. ओट्यावर साबणाचा पत्ता नव्हता. विचारलं तर ऑफिसातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. वड्या कागदासकट तशाच. "बाहेर ठेवला की चोरीला जातो, मुलं पाण्यात विरघळवून टाकतात." इकडे मुलं तोटीखाली बोटांची टोकं भिजवत होती, चड्डीला पुसत होती आणि ताट घेऊन बसत होती. दुसरीतली एक मुलगी बसताना ओला हात जमिनीवर टेकवून बसली. तळव्याला माती चिकटली. तोच हात खिचडीत गेला. ज्या मुलीने महिन्यापूर्वी सगळ्या पायऱ्या न चुकता केल्या होत्या, तीच ही मुलगी.

साबण चोरीला जातो, मान्य. मग लसणाच्या किंवा कांद्याच्या जाळीत वडी घालून तोटीजवळ सुतळीने बांधा. वडी पाण्यात पडत नाही, गाळ होत नाही, कुणी खिशात घालत नाही. मी तर आता बाटलीच सुचवते. दीड लिटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरायचं, ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालून हलवायचं आणि झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं. बांगलादेशात संशोधकांनी ही युक्ती वापरून पाहिलेली आहे. साबणाचं पाणी कुणी घरी नेत नाही, आणि सादिलमधून, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशातून, एवढा खर्च कुठल्याही शाळेला झेपतो.

महागडा जंतुनाशक साबणच हवा, असा आग्रह धरू नका. कराचीतल्या वस्त्यांमध्ये झालेला आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला अभ्यास सांगतो की, साबणाने हात धुणाऱ्या घरांतल्या मुलांचे जुलाब जवळपास निम्म्याने कमी झाले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक पडला नाही.

दोन तोट्या आणि सव्वाशे मुलं

हिशेब करा. १२० मुलं, २ तोट्या, प्रत्येकाला अर्धा मिनिट. अर्धा तास नुसता हात धुण्यात जातो. खिचडीचा वास सुटलेला असताना सहा वर्षांचं मूल एवढं थांबेल? मग काही जण "घाई करा रे" म्हणून बादली मांडतात आणि सगळी मुलं त्यात एकामागून एक हात बुचकळतात. शेवटच्या मुलापर्यंत ते पाणी करडं होतं. पहिल्याच्या हाताची घाण सगळ्यांच्या हाताला लागते. यापेक्षा न धुतलेले बरे, असं म्हणायची वेळ येते.

पाणी वाहतं हवं, मग ते करंगळीएवढ्या धारेने का होईना. टाकीला किंवा पिंपाला पीव्हीसीचा लांब पाइप जोडा, हातहातभर अंतरावर भोकं पाडा, दुसरं टोक बंद करा, पुढे एकच कॉक. दहा मुलं एकदम हात धुतात. फिलिपिन्समधल्या शाळांत 'फिट फॉर स्कूल' या कार्यक्रमात मुलं रोज अशीच एकत्र हात धुतात. गावातला प्लंबर हे काम एका दुपारी करून देतो. पाइपाची उंची मात्र पहिलीच्या मुलाला उभं करून ठरवा. मोठ्यांच्या मापाचा ओटा बांधला की छोट्यांचं पाणी कोपरावरून बाहीत शिरतं, आणि मग ती तिथे फिरकत नाहीत.

भिंतीवर घोषवाक्य लिहून मोकळं होणं

नवे उत्साही स्वयंसेवक आले की आधी रंगाचे डबे निघतात, घोषवाक्यं रंगतात. रंगवा, पण जागा बघून. बांगलादेशातल्या दोन ग्रामीण प्राथमिक शाळांत संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट केली, वाटेवर पावलं आणि ओट्यावर हातांचे ठसे रंगवले. प्रवचन काही दिलं नाही. आधी संडासानंतर साबणाने हात धुणारी मुलं ४ टक्के होती, सहा आठवड्यांनी ७४ टक्के. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रंग तोच, पण मुलाचे पाय जिथून जातात तिथे लावला. हात धुण्याची जागा संडासाच्या दारातून दिसली पाहिजे. ती इमारतीच्या मागे असेल तर कुठलंही घोषवाक्य उपयोगाचं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळ्यांना एकच टॉवेल नको, हात हवेत झटकून वाळू द्या. सॅनिटायझर मातीने आणि तेलाने माखलेल्या हातांवर नीट काम करत नाही, त्यामुळे पाणी असताना तो सोपा मार्ग नकोच. जंताची गोळी दिली म्हणजे झालं, असंही नाही. ती पोटातले जंत मारते, पण नखांतली अंडी पुन्हा पोटात जायची थांबवत नाही. म्हणून नखं आठवड्याला बघा. हात धुऊन मग आसनपट्ट्या अंथरायला लावू नका. आधी पट्ट्या, ताटं, मग हात. आणि बाईंनी, सरांनी मुलांच्या रांगेत उभं राहून हात धुवावेत. ताई खिचडी वाढतात, त्यांनीही.

आठवडाभर करून "सवय लागत नाही" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असतं की निदान एक सत्र तरी द्या. परिपाठ रोज होतो म्हणून तो अंगवळणी पडतो. हात धुणंही रोज, त्याच वेळी, त्याच जागी, घंटा वाजली की. परीक्षा असो, पाहुणे असोत, पाऊस असो, ही घंटा चुकवायची नाही.

आणि "हात धुतले का?" असं विचारू नका. मूल "हो" म्हणतं आणि वर खोटं बोलायला शिकतं. मी तळवा नाकाजवळ धरते, साबणाचा वास येतो की नाही ते लगेच कळतं. सोमवारी वडी किंवा बाटली बघायची. ती मागच्या सोमवारी होती तेवढीच असेल, तर मुलांना रागवण्याआधी तोटीला पाणी येतंय का ते स्वतः उघडून बघा.