शेतकरी गटाला औपचारिक बाजारात उतरवताना या चुका टाळा

अल्पभूधारकांच्या गटाने मोठ्या खरेदीदाराशी केलेला पहिलाच करार फिसकटला की दोष बहुधा सभासदांवर ढकलला जातो: ठरलेला माल त्यांनी परस्पर व्यापाऱ्याला विकला. विकलेला असतोही, पण व्यापारी बांधावर रोख पैसे मोजतो आणि गटाचे पैसे मात्र माल तपासून, उचलून, बिल मंजूर झाल्यावर येतात. बियाण्याची उधारी डोक्यावर असलेल्या माणसाला इतके दिवस कळ काढणे शक्य नसते. माल देणे आणि पैसे हाती पडणे यांमधल्या दिवसांची सोय न करता करारावर सही करणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने 2008 पासून पाच वर्षे 20 देशांत शेतकरी संघटनांकडून धान्य खरेदीचा प्रायोगिक उपक्रम राबवला. लहान गटांसाठी अटी शिथिल करूनही परस्पर विक्री आणि पैशांचा उशीर या अडचणी तिथेही आल्याच.

यावर उपाय म्हणजे संकलनाच्या दिवशीच प्रत्येकाला काही उचल देता येईल इतके खेळते भांडवल आधी उभे करणे. करार किंवा गोदाम पावती (गोदामात ठेवलेल्या मालाची पावती) तारण ठेवून कर्ज मिळत असेल, तर त्याची बोलणी काढणीनंतर सुरू करून उपयोग नाही. पेरणीच्या सुमारासच कागद तयार ठेवावेत. उरलेली रक्कम केव्हा आणि कोणत्या कपातीनंतर मिळेल, हे पावतीवर लिहून द्यावे.

दुसरी चूक ओलाव्याची आहे. मक्यासाठी 13.5 टक्के ही कमाल मर्यादा अनेक ठिकाणी लावली जाते, पण गटाकडे ओलावामापक नसतो आणि दाणा दाताखाली फोडून अंदाज बांधला जातो. परिणामी गाडी खरेदीदाराच्या दारातून परत येते आणि दोन्ही फेऱ्यांचे भाडे गटाच्या अंगावर पडते. ओला माल साठवला तर बुरशी धरते आणि अफलाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा धोका वाढतो, तो वेगळाच. मात्र वाळवण्याचा आग्रह धरण्याआधी घटीचा हिशेब सभासदाला समजावून सांगा. 17 टक्के ओलाव्याचा 100 किलो मका 13.5 टक्क्यांवर आणला, की काट्यावर सुमारे 96 किलोच भरतो. चार किलो कुठे गेले हे त्याच्यासमोर मांडले नाही, तर काट्यावरचा माणूस चोर ठरतो. वाळवलेल्या मालाचा भाव ही घट भरून काढत नसेल, तर तो करार सभासदाच्या तोट्याचाच आहे आणि तो करू नये.

सभासदसंख्येला सरासरी उत्पादनाने गुणून पुरवठ्याचा आकडा लिहून देणे, हीही नेहमीची चूक. घरी खाण्यासाठी, बियाण्यासाठी आणि जुनी देणी फेडण्यासाठी लागणारे धान्य वजा करून जे उरते, तेवढेच विक्रीयोग्य असते. पहिल्या हंगामात त्याच्याही निम्म्याचाच शब्द द्यावा. तूट पडणार असे दिसताच खरेदीदाराला मुदतीपूर्वी लेखी कळवावे. ऐनवेळी कमी माल घेऊन जाणाऱ्या गटाला पुढच्या हंगामात सहसा कोणी विचारत नाही.

दप्तराबद्दल एवढेच सांगतो: वजन, प्रत आणि रक्कम यांची नोंद एकाच माणसाच्या वहीत राहू देऊ नका.

माल नाकारला गेलाच, तर तिथल्या तिथे पडेल भावाने विकून मोकळे होण्याची घाई करू नये. नकाराचे कारण आणि तपासणीचे आकडे लेखी मागावेत. गाडी भरतानाच वेगवेगळ्या पोत्यांतून वरून, मधून आणि खालून दाणे काढून एकत्रित नमुना करावा, त्याचे तीन भाग सीलबंद करून एक खरेदीदाराला द्यावा, एक गटाकडे ठेवावा आणि तिसरा वाद उद्भवल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावा. फेरतपासणीचा खर्च कोणी सोसायचा, हे कलम करारात नसेल, तर सही करण्यापूर्वी ते घालून घ्यावे.